दावा इंदूरला, मी नाशिकला

नवऱ्याने घटस्फोटाचा दावा इंदूरच्या कुटुंब न्यायालयात लावला. दीड वर्षाची लेक मांडीवर घेऊन रात्रभर बसने जायचं आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. दावा नाशिकला हलवायला मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करू, असं पहिले वकील म्हणाले. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली उच्च न्यायालय आपल्याच हद्दीतले दावे हलवू शकतं. दुसऱ्या राज्यातून आणायचा तर कलम २५, म्हणजे सर्वोच्च न्यायालय. तिथे बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अर्जाला लेकीचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि जपून ठेवलेली बसची तिकिटं जोडली. या अर्जाचा निकाल लागेपर्यंत इंदूरच्या कामकाजाला स्थगितीही त्याच वेळी मागा, बायांनो, नाहीतर तिकडे एकतर्फी हुकूम होऊ शकतो. माझा दावा आता नाशिकला चालतो.