हेपॅटायटिस बी चा रिपोर्ट हातात आला, आता वाचायचा कसा?

मागच्या महिन्यात कोथरूडच्या वहिनीचा फोन आला, रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह लिहिलंय म्हणून रडत होती, आणि पाहिलं तर पॉझिटिव्ह होतं ते अँटी-एचबीएस, म्हणजे लसीमुळे तयार झालेलं संरक्षण! म्हणून हे लिहितोय.

आधी एचबीएसएजी बघा. हे हेपॅटायटिस बी या लिव्हरच्या आजाराच्या व्हायरसच्या बाहेरच्या आवरणाचं प्रोटीन, बारूक ब्लमबर्ग यांनी शोधलेलं, त्यांना १९७६ चं नोबेलही मिळालं. ते पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस आत्ता अंगात आहे, आणि ६ महिन्यांनंतरही तसंच राहिलं तर क्रॉनिक, म्हणजे दीर्घकाळ टिकलेलं इन्फेक्शन. मग अँटी-एचबीएस, म्हणजे त्याच आवरणाच्या प्रोटीनविरुद्धची अँटीबॉडी, लसीनंतर आकडा १० किंवा वर असला की संरक्षण आहे. हे लसीमुळे की होऊन गेलेल्या इन्फेक्शनमुळे ते अँटी-एचबीसी सांगतं. ही व्हायरसच्या आतल्या गाभ्याच्या (कोअरच्या) प्रोटीनविरुद्धची अँटीबॉडी, ती फक्त लसीने पॉझिटिव्ह येत नाही, कारण लसीत कोअरचं प्रोटीन नसतंच.

आणि हे नीट समजून घ्या, लिव्हरचं नुकसान मुख्यतः व्हायरस स्वतः करत नाही, आपल्याच टी-सेल्स (प्रतिकारशक्तीच्या पेशी) इन्फेक्शन झालेल्या पेशी मारतात त्यातून ते होतं. मोठी माणसं बहुतेक वेळा व्हायरस हटवतात, पण जन्मताना बाळाला लागण झाली तर साधारण ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो, म्हणून लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत, यात टाळाटाळ अजिबात नको.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तर लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा, घरच्यांचीही टेस्ट करा. ताटवाटी वेगळी करू नका हो, जेवणातून हा पसरत नाही, ब्लेड आणि टूथब्रश मात्र ज्याचा त्याचा.