पोर्शे ९११ च्या मागच्या फेंडरवरचा स्टोन गार्ड घरच्या घरी कसा बदलायचा

९११ चा मागचा भाग पुढच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे पुढच्या टायरने उडवलेले खडे थेट मागच्या चाकाच्या पुढे फेंडरवर (चाकावरच्या पत्र्यावर) येऊन आपटतात आणि तिथला रंग वाचवायला जो छोटा फिल्मचा तुकडा लावलेला असतो तोच स्टोन गार्ड. १९७५ च्या पहिल्या ९११ टर्बोवर पण तिथे काळे गार्ड होते. काही वर्षांनी पारदर्शक गार्ड पिवळा पडतो, कडा उचलतात, खाली माती जाऊन बसते, मग बदलावाच लागतो.

नवीन चिकटवणं अर्ध्या तासाचं काम आहे हो, खरा वेळ जुना काढण्यात जातो आणि घाई तिथेच नडते. आधी जुन्या गार्डच्या कडेकडेने मास्किंग टेप लावून घ्या म्हणजे नवीन नेमका कुठे बसवायचा ते कळतं, कारण फिल्मखालचा रंग आणि बाहेरचा रंग यात फरक पडलेला असतो आणि तुकडा जरा जरी सरकला तरी ती रेघ कायम दिसत राहते. डावा उजवा वेगळा असतो, तेही आधीच बघून ठेवा.

मग हेअर ड्रायर, सतत हलवत, पत्रा हाताला चांगला गरम लागेल पण चटका बसणार नाही इतपतच. एक कोपरा नखाने उचला आणि फिल्म तिच्याच अंगावर दुमडून, पत्र्याला जवळजवळ चिकटून, अगदी हळू मागे ओढा. सरळ बाहेर खेचू नका!! मी एकदा खेचली होती, तो फेंडर आधी कधीतरी रिपेंट झालेला होता आणि नखाएवढा रंग फिल्मबरोबर निघून आला, खालचा प्रायमर दिसायला लागला, अजून वाईट वाटतं. रिपेंट झालेली गाडी असेल तर दुप्पट वेळ धरा.

राहिलेला गोंद खरवडायचा नाही. ग्लू रिमूव्हर कापडावर घेऊन दोन मिनिटं ठेवा, मऊ झाला की बोटाने गोळ्या होऊन निघतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि बोट फिरवून बघा, एक कण राहिला तरी फिल्मखाली फोडासारखा दिसतो.

आता लावायचं. स्प्रे बाटलीत पाणी आणि बेबी शॅम्पूचे चार-पाच थेंब. पत्रा ओला, फिल्मची गोंदाची बाजू ओली, आणि स्वतःची बोटंही ओली, नाहीतर बोटांचे ठसे गोंदात कायमचे उमटतात. टेपच्या खुणेला लावून सरकवत बसवा, मग स्क्वीजीने (पाणी ओढायच्या रबरी पट्टीने) मधून कडांकडे पाणी काढा. चाकाच्या कमानीची कड सगळ्यात शेवटी, तिथे पाण्यात थोडं अल्कोहोल घालून मारलं की पकड लवकर येते, मग जरा गरम करून अंगठ्याने दाबून धरा.

पाण्याचे बारीक बुडबुडे राहिले तर हात लावू नका, काही दिवसांत आपोआप सुकतात. हवेचा मोठा असेल तर बारीक सुईने टोचून दाबा. एक दिवस गाडी हलवू नका, आठवडाभर धुऊ नका आणि नंतरही प्रेशर वॉशरचा फवारा त्या कडेवर जवळून मारू नका.