पेट्या मोजल्या, पुडे मोजलेच नाहीत

भिवंडीत गोदामाला लागलेली नवी पोरं हमखास विचारतात, "फिफो (आधी आलेला माल आधी बाहेर), एबीसी ॲनालिसिस (महत्त्वानुसार मालाची वर्गवारी) सगळं पाठ आहे, आता काय करू?" पहिला महिना इनवर्डच्या डॉकवर, म्हणजे आलेला माल उतरतो तिथे काढा. बोंब डिस्पॅचला, म्हणजे माल बाहेर पाठवताना होते, पण चूक बहुतेक वेळा इनवर्डलाच झालेली असते. माझी तिथेच झाली.

लागून तिसरा आठवडा. महिनाअखेर, बाहेर चार गाड्या उभ्या, मागून सुपरवायझर ओरडतोय, "आधी जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) मार, मोजू नंतर." (असं सांगणारा माणूस गुरू करू नका, मग तो वीस वर्षांचा अनुभवी असला तरी.) मी तरी पेट्या मोजल्या. बिस्किटांच्या बरोबर ३००. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ३००, इनव्हॉइसवर ३००. एंट्री मारून मोकळा झालो. माल उतरवणारे माथाडी मामा म्हणाले, "साहेब, पेटी हलकी लागतेय या वेळी." मी नुसता हसलो.

पेटीत आधी २४ पुडे यायचे. कंपनीने ते २० केले होते, पेटीवर तसं छापलंही होतं. आमच्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टीममधल्या मालाच्या यादीत मात्र २४च. मी ३०० टाकले, सिस्टीमने ७,२०० पुडे धरले, रॅकवर चढले ६,०००. दुकानांच्या ऑर्डरी सुट्या पुड्यांच्या, पिकर (ऑर्डरचा माल काढणारा) फोडलेल्या पेटीतून मोजून काढायचा, त्यामुळे दीड महिना कुणाला पत्ता नाही. मग एका सकाळी पिकर बिनसमोर (रॅकवरच्या खणासमोर) उभा. स्कॅनरवर १,२०० पुडे, बिनमध्ये फक्त धूळ. सिस्टीमला शिल्लक दिसत होती, म्हणून नवी ऑर्डरही लागली नव्हती.

माल कमी भरला की पहिला संशय कुणावर जातो, ते गोदामात काम केलेल्याला सांगायला नको. गेटवर माथाडींच्या टोळीची झडती सुरू झाली. मामांचे डबेसुद्धा उघडून बघितले. पुढचा कंटेनर लागला तेव्हा माझी नजर पेटीवरच्या छापावर गेली आणि पोटात गोळा आला. मॅनेजरला त्याच दिवशी सांगितलं. बोलणी खाल्ली, नोकरी राहिली. मामांची माफी मागितली तर ते तंबाखू मळत एवढंच म्हणाले, "तेव्हाच बोललो होतो ना."

म्हणून, प्रत्येक आयटमची निदान एक पेटी फोडा. आतले नग मोजा, मास्टरशी ताडून बघा, एमआरपी आणि बॅच वाचा. वजनकाटा असेल तर एक पेटी त्यावर ठेवा. पाच मिनिटं जातात. "आपल्याकडे सगळं स्कॅन होतं" यावर विसंबू नका. बारकोड स्कॅनरला मास्टरमध्ये भरलंय तेवढंच कळतं.

बाकीचं अंगवळणी पडतं. खायच्या मालाला आणि औषधांना फिफो पुरत नाही, आज आलेल्या मालाची मुदत कालच्या मालाआधी संपू शकते. तिथे फेफो, म्हणजे ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर. पुटअवे करताना, म्हणजे माल जागेवर लावताना, बिन स्कॅन केल्याशिवाय पॅलेट (माल रचलेली फळी) सोडू नका. हरवलेलं पॅलेट रात्रपाळीत शोधून बघा म्हणजे कळेल.

हजारोंचे सर्टिफिकेट कोर्स? माझ्या मते एक्सेल नीट शिका, तेवढ्यात भागतं.

क्षेत्र टिकेल का, ही भीती मलाही होती. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून इथे गोदामं वाढली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, आता भिवंडी ओस पडणार असं लोक बोलत होते. न्हावाशेवा बंदर जवळ, नाशिक महामार्ग दाराशी. गोदामं कुठे जातात?

आणि डिस्पॅचला बदली झाली की ई-वे बिलाची (गाडीतून माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत बघायची सवय लावा. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला, तर त्या बिलाच्या पार्ट-बीमध्ये (गाडीच्या माहितीच्या भागात) नवा गाडी नंबर टाकल्याशिवाय ड्रायव्हरला पुढे निघू देऊ नका.