आरमाराच्या इतिहासातून सागरी सुरक्षेचे धडे काढताय? या चुका टाळा

४ डिसेंबर जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. नौदल दिन असतो. कुणाला भाषण हवं असतं, कुणाला निबंध तपासून हवे असतात, कुणाला वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक हवा असतो, आणि गावात नौदलातून निवृत्त होऊन रिकामा बसलेला माणूस मीच. २०२३ साली नौदल दिन मालवणला सिंधुदुर्गासमोर साजरा झाला, तेव्हापासून तर पूरच आलाय. विषय ठरलेला: आरमाराच्या इतिहासातून आजच्या सागरी सुरक्षेने काय शिकावं. चुकाही ठरलेल्या. मी आयुष्यभर इंजिनरूममध्ये होतो. तिथे एकच बिघाड तिसऱ्यांदा आला की डोकं फिरतं, इथे तर तिसावी वेळ आहे. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी किरकोळ माल.

'आयएनएस आंग्रे' ही युद्धनौका नाही, मुंबईतला नौदलाचा किनाऱ्यावरचा तळ आहे. 'आयएनएस शिवाजी' तर लोणावळ्याला आहे, घाटमाथ्यावर. तिथे इंजिनं शिकवतात, मीही तिथेच शिकलो. 'आयएनएस शिवाजीने अरबी समुद्रात शत्रूला धडकी भरवली' हे वाक्य मी आतापर्यंत चार निबंधांत वाचलंय. नौदलात जमिनीवरच्या तळालाही जहाजासारखंच नाव देतात.

मराठा आरमारात किती जहाजं होती याचा आकडा देणार असाल तर शेजारी साल लिहा. साल नसलेला आकडा मी न वाचताच खोडतो.

किनारपट्टी ७,५१६ किमी म्हणणारे आणि ११,०९८ किमी म्हणणारे उगाच भांडतात. जुनी मोजणी ढोबळ नकाशावर झाली होती, नवीन बारीक नकाशावर झाली, खाड्या आणि वळणं त्यात आली. महाराष्ट्राचा किनाराही ७२० चा ८७७ झाला. जमीन होती तेवढीच आहे.

कान्होजी आंग्र्यांना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हणायचं नाही, हे आता सगळ्यांना पाठ आहे. का म्हणायचं नाही, असं विचारलं की शांतता. कान्होजी आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायला लावत, न घेणाऱ्याला धरत. पोर्तुगीज दोनशे वर्षं आधीपासून हेच करत होते, त्यांच्या परवान्याला कर्ताझ म्हणत. एकाचा तो कायदा आणि दुसऱ्याची ती चाचेगिरी, हे कुणी ठरवलं ते शोधा, निबंध आपोआप चांगला होईल.

जहाजं मोजत बसणं

ही चूक पोरं कमी आणि टीव्ही बघणारे काका जास्त करतात. त्यांच्याकडे इतकी, आपल्याकडे इतकी, म्हणजे आपण इतके मागे. या लोकांना मी खांदेरीला पाठवतो, निदान नकाशावर तरी.

१६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेलं खांदेरी बेट आपल्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्याच्या हवाली करून बांधायला घेतलं. इंग्रजांनी वेढा घातला. त्यांचं 'रिव्हेंज' हे जहाज आपल्या गलबतांपुढे राक्षस होतं. १८ ऑक्टोबरला लढाई झाली, त्यात इंग्रजांचं 'डव्ह' जहाज आपण पकडलं. तरी 'रिव्हेंज' उभं राहिलं आणि आपली गलबतं नागोठण्याच्या खाडीकडे मागे फिरली. लढाई इंग्रजांनी जिंकली असं ते म्हणतात, म्हणू द्या. रात्री वारा पडला की मोठ्या शिडांची जहाजं जागेवर डुलत राहायची आणि आपल्या वल्ह्याच्या होड्या त्यांच्या बाजूने दगड, धान्य, दारूगोळा बेटावर पोचवायच्या. उथळ पाण्यात मोठं जहाज त्यांच्या मागे येणार कसं? शेवटी इंग्रज कंटाळून गेले, बेट आपल्याकडे राहिलं. (शेजारची उंदेरी मात्र १६८० च्या सुरुवातीला जंजिऱ्याच्या सिद्दीने घेतली. हेही लिहा, लपवू नका.)

माझी सवय सांगतो. कुठल्याही सागरी लढाईबद्दल वाचायला बसलो की आधी तीन गोष्टी कागदावर लिहितो: पाणी किती खोल, वारा कुठला, भरती कधी. या तीन ओळी भरता आल्या नाहीत तर त्या लढाईवर मी बोलत नाही. 'सर, पाच मुद्दे द्या ना, उद्या परीक्षा आहे' म्हणणाऱ्याला हे पटत नाही. त्याने दहा मिनिटांचा व्हिडिओ बघावा, माझं डोकं खाऊ नये.

विजयदुर्ग 'फितुरी' या एका शब्दात गुंडाळणं

ही माझी खास दुखरी जागा आहे.

एका वक्तृत्व स्पर्धेत बावीस स्पर्धक होते, तालुक्याचं नाव सांगत नाही. सतरा जणांनी विषय घेतला विजयदुर्गाचा, म्हणजे १७५६ ला तिथे जळालेल्या आंग्र्यांच्या आरमाराचा, आणि सतरांनीही 'घरभेद्यांनी आरमार बुडवलं' या वाक्यावर टेबलावर मूठ आपटली. निकालाआधी मी माईक घेतला आणि विचारलं, बाळांनो, त्या दिवशी आग आधी कुठल्या जहाजाला लागली? एकालाही सांगता येईना. मागून एक पालक उठले: 'सर, एवढं खोलात कशाला, मुलं आहेत.' मी त्या दिवशी पहिला क्रमांक दिलाच नाही. आयोजकांनी मला पुढच्या वर्षी बोलावलं नाही. चालायचंच.

गोष्ट १७५६ ला सुरू होत नाही. कान्होजी ४ जुलै १७२९ ला वारले. मग त्यांचा मुलगा सेखोजी आला, तोही १७३३ ला गेला आणि संभाजी-मानाजी हे त्याचे भाऊ एकमेकांवर उठले. १७३५ साली बाजीरावांनी वाटणी करून दिली: संभाजीला सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखपद, आणि विजयदुर्ग, मानाजीला वजारतमाआब हा किताब आणि अलिबागचा कुलाबा किल्ला. भांडण मिटलं असं म्हणतात. एका आरमाराची दोन झाली, हे कुणी म्हणत नाही.

पुढे विजयदुर्गावर कान्होजींचाच मुलगा तुळाजी आला. दर्यावर जबर माणूस, पण पुण्याचं ऐकेना. त्याला वठणीवर आणायला नानासाहेब पेशव्यांकडे त्या तोडीचं आरमार नव्हतं. ते मुंबईकर इंग्रजांकडून मागून आणलं. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजी तेव्हा किल्ल्यात नव्हताच, पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. त्याची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला, खाडीत, एकमेकांना खेटून बांधलेली. १२ तारखेला दुपारी एक कुलपी गोळा, म्हणजे पडून फुटणारा, त्यातल्या 'रिस्टोरेशन'वर पडला. हे जहाज तुळाजीने पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेलं. ते पेटलं, तिथून शेजारचं, तिथून त्याच्या शेजारचं. कान्होजींपासून साठत आलेलं आरमार संध्याकाळपर्यंत राख झालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तो पेशव्यांना द्यायचा ठरला होता. इंग्रज आधी आत शिरले, दहा लाखांच्या आसपास लूट वाटून घेतली आणि बदल्यात बाणकोट पदरात पडेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, हललेच नाहीत.

आता यातून काय घ्यायचं ते घ्या. फितुरी म्हणा हवं तर, माझी हरकत नाही. पण इंजिनरूमच्या माणसाला आधी दिसतात ती खेटून बांधलेली जहाजं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' हे जहाज फुटलं तेव्हाही तेच. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि वर कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या. तिथे शत्रूचा गोळासुद्धा लागला नाही. शेकडो माणसं गेली, आजूबाजूची जहाजं गेली, गोदी उद्ध्वस्त झाली. बंदरात काय कशाशेजारी ठेवायचं, हा सागरी सुरक्षेचा धडा आहे, पण टाळ्या मिळत नाहीत म्हणून निबंधात येत नाही.

आणि दुसरं दिसतं ते उसनं आरमार. आपल्याला वाईट सवय आहे, फक्त लढाईचा दिवस वाचतो. मी आधीची वीस वर्षं वाचतो: वारस कोण, बंदर कुणाच्या वाट्याला, पगार कुठून.

पगाराचं पान न उघडणं

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, मराठ्यांच्या राज्यकारभाराचा ग्रंथ, सगळे एका ओळीसाठी उघडतात, ज्याच्याजवळ आरमार त्याचा समुद्र. सुंदर ओळ आहे, मान्य. त्याच प्रकरणात पगाराचंही सांगितलंय: आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, दर्यावरच्या पैदास्तीवर, म्हणजे मिळकतीवर, सोडू नये, नाहीतर सावकारांना उपद्रव होतो आणि बंदरं ओस पडतात. म्हणजे खलाशाला जर त्याने मिळवलेल्यावरच जगायला लावलं, तर तो गिऱ्हाईकालाच लुटेल. तीनशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलंय.

१९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या दिघी आणि शेखाडीला मुंबई बॉम्बस्फोटांची स्फोटकं उतरली, ती ज्यांनी वाटेत अडवायची होती त्यांचे हात ओले करून. तेव्हा कुठलं यंत्र बंद नव्हतं. आणि यंत्राचंही सांगतो: एका जेट्टीवर मी गस्तीची बोट पाहिलीय, रंग नवाकोरा, तळाला हातभर शेवाळ आणि शिंपले. बोट घ्यायला पैसे होते, डिझेलला आणि दुरुस्तीला नव्हते. फीत कापताना फोटो निघतो, तेल बदलताना निघत नाही.

१९७१ अर्धंच सांगणं

४ डिसेंबरचा कराचीवरचा हल्ला सांगा, जरूर सांगा. 'निपात', 'निर्घात', 'वीर' या क्षेपणास्त्र नौका किनारा राखण्यासाठी बनलेल्या, पल्ला कमी. म्हणून त्यांना ओढत नेलं, ही त्यातली खरी गंमत. पण ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, हे गाळून ४ डिसेंबरच्या घोषणा देऊ नका. पाणबुडी शोधणं हा वेगळा धंदा आहे आणि त्याची किंमत आपण मोजली आहे.

'आता रडार आहे' म्हणून झोपणं

शेवटची, आणि सगळ्यात जास्त वेळा दिसणारी. निबंधाच्या शेवटी हमखास एक परिच्छेद: २६/११ नंतर रडारची साखळी, गस्ती नौका, म्हणून आता किनारा अभेद्य. अभेद्य हा शब्द मी लाल पेनाने गोल करतो.

२००८ साली दहशतवादी आले ते 'कुबेर'मधून. पोरबंदरची साधी मासेमारी नौका, पळवलेली. रडारवर ती हजार ठिपक्यांतला एक ठिपका दिसली असती. तिथून रबरी होडीने बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या कोळ्यांनी विचारलंही, कोण तुम्ही, कुठून आलात? प्रश्न बरोबर होता. तो पुढे पोचवायची वाट नव्हती.

२६/११ नंतरही, ३१ जुलै २०११ ला, 'पवित' हा टँकर कुणाला न कळता जुहूच्या वाळूवर येऊन बसला. खलाशांनी तो ओमानकडे सोडला होता, सगळ्यांनी बुडाला समजून सोडून दिला. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला 'लेडी हान' वाहत आली, तीही मस्कतच्या बाजूला सोडलेली, आत तीन एके-४७. दोन्ही पावसाळ्यात. नैर्ऋत्येचा वारा वस्तू आपल्याकडे ढकलतो आणि नेमक्या तेव्हाच आपल्या बहुतेक होड्या काठावर शाकारलेल्या असतात. पाण्यावरचे डोळे घरी असतात.

आमच्याकडची एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी किनारा सुरक्षेची कवायत होती. 'शत्रू' म्हणून नेमलेली माणसं रात्री एका होडीने येणार, आपण पकडायची. आमच्या बंदरावर एक म्हातारा रापणकर आहे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार. पहाटे तीनला पडवीत बिडी ओढत बसला होता, त्याने कान टवकारले. 'ह्या इंजिन आमच्या बंदरातला नाय.' त्याने पाठ केलेला नंबर लावला. पलीकडच्याने नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव, होडीचा नंबर, मग 'तुम्हाला कसं कळलं?' आणि शेवटी, सकाळी येऊन लेखी द्या. म्हातारा सकाळी गेला, दोन तास बाकावर बसला, त्या दिवशीची रापण चुकली. 'शत्रू' तोवर एसटी स्टँडवर मिसळ खाऊन परत गेले होते.

हे मला तीन महिन्यांनी कळलं. आम्ही जेट्टीवर बसलो होतो, बाहेरून बिनदिव्याची एक होडी गेली. त्याने मान वर केली, ऐकलं, पुन्हा जाळ्याचं भोक विणायला लागला. मी म्हटलं, फोन? 'कित्याक? परत लेखी देवक?'

यावर माझ्याकडे काही योजना-बिजना नाही. मी त्याला माझा नंबर दिला. त्याने मला उठवायचं, मी पुढच्यांना उठवायचं, लेखी काय द्यायचं ते मी देतो, मला फॉर्म भरायची सवय आहे. बायको वैतागते. परवा रात्री अडीचला त्याचा फोन आला, त्याने काही न बोलता मोबाईल पाण्याच्या दिशेने धरला. मी पांघरुणातच ऐकलं. शेजारच्या बंदरातला ट्रॉलर होता, एक सिलिंडर मारत नव्हता, इंजेक्टर गेला असणार. तसं सांगितलं. 'माका वाटलाच,' म्हणाला आणि फोन ठेवला.