पत्ते काढा, बेरीज मुलांना करू द्या

ऐरोलीत जुलैच्या एखाद्या शनिवारी पाऊस असा लागतो की मुलांना खाली सोडायची सोयच नसते. त्यात लाइट गेले की वायफायही गेलं. आमच्याकडे मग कपाटातून पत्ते निघतात. ‘पत्ते म्हणजे जुगार’ असं वर्षभर म्हणणारी माझी आई गौरी जागवायच्या रात्री पहाटेपर्यंत झब्बू खेळते, त्यामुळे तिचा विरोध घरात कुणी मनावर घेत नाही.

गणितासाठी वेगळे महागडे पत्ते आणू नका. साधा कॅट घ्या आणि 52 पानं आहेत ना, ते मुलालाच मोजू द्या. एखादं पान हरवलं असेल तर जोकरवर पेनने आकडा लिहून भागवा.

एक पथ्य मात्र मोठ्यांनी पाळायचं: बेरीज आपल्या तोंडून बाहेर पडता कामा नये. मूल अडलं तर मनातल्या मनात दहा अंक मोजा. आपण ‘अरे, सात ना!’ असं बोलून जातो आणि पुढच्या डावापासून मूल पत्त्यांऐवजी आपल्या तोंडाकडे बघायला लागतं.

पहिली-दुसरीतल्या मुलांना ‘दहाची जोडी’ पुरे. राजे, राण्या, गुलाम आणि दश्श्या बाजूला काढा. एक्का म्हणजे एक. उरलेली 36 पानं पिसा, त्यातलं एक पान कुणीही न बघता ताटलीखाली सरकवा आणि बाकीची चटईवर सुलटी पसरा. आता आळीपाळीने दहाची जोडी उचलायची: सत्ती-तिर्री, छक्की-चौकी, पंजी-पंजी. शेवटी एकच पान उरतं. ते बघून ताटलीखालचं पान ओळखायचं.

दुसरीतल्या भाच्याबरोबर पहिल्यांदा खेळले तेव्हा दुर्री उरली होती. त्याने गुडघ्याआड बोटं मोजली, आजीकडे बघितलं (आजी खिडकीबाहेर!), आणि हळूच म्हणाला, ‘अठ्ठी?’ ताटली उचलली तर चौकटची अठ्ठी. मग सलग सहा डाव झाले. हे दरवेळी कसं जमतं, तर एक ते नऊची बेरीज 45, अशी चार वेळा म्हणजे 180, म्हणजे बरोबर 18 जोड्या. पण हे सांगायची घाई करू नका. ‘असं का?’ हा प्रश्न आधी मुलाकडून येऊ दे.

सरावलं की दश्श्या परत घेऊन अकराची जोडी लावा. पुढे गुलाम 11, राणी 12, राजा 13 धरून चौदाची. दोन्हींत ताटलीची गंमत तशीच चालते.

पाढ्यांसाठी भिकार-सावकाराच्या धर्तीवर खेळा. एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं दोघांत निम्मी वाटायची, प्रत्येकाने दोन-दोन उलटायची, आपापला गुणाकार मोठ्याने सांगायचा. मोठ्या गुणाकाराला चारही पानं. एक्का आला की मुलं कपाळाला हात लावतात, कारण नव्वी हातात असूनही दुर्री-पंजीसमोर हार होते. आमच्याकडे आजी ‘सात नव्वे त्रेसष्ट’ म्हणते आणि भाचा ‘सिक्स्टी थ्री’. दोन्ही मान्य करा. त्रेसष्टमध्ये तीन आधी, साठ नंतर, आणि मुलं तिथेच अडखळतात. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा वाद झाला होता! मला स्वतःला त्रेसष्टच आवडतं, पण खेळात भाषेवरून डाव थांबवू नये.

चौथी-पाचवीपासून पाच-तीन-दोन. तिघं हवेत. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची पानं काढा, सत्त्यांपैकी इस्पिक आणि बदाम ठेवा. 30 पानं उरतात, प्रत्येकी दहा. वाटणाऱ्याने दोन हात करायचे (फेरीत पडलेली तिन्ही पानं जिंकली की एक हात), त्याच्या पुढच्याने पाच (पहिली पाच पानं बघून हुकूम, म्हणजे बाकीच्यांवर भारी पडणारा रंग, तोच बोलतो), तिसऱ्याने तीन. हिशोबाची वही मुलाकडे द्या. पाच करायचे होते आणि तीनच झाले, तर वजा दोन. शाळेत ऋण संख्या येण्याआधीच ‘दोन हात देणं आहे’ हे नीट कळतं. दर डावाला तिघांची बेरीज शून्य यायला हवी. एकदा माझ्या लेकीच्या वहीत वजा एक आलं. तिने डाव थांबवला, ‘एक हात गायब आहे’ म्हणाली, आणि तो आजीच्या मांडीखाली निघाला. चुकून सरकला होता, असं आजीचं म्हणणं.

पैसे लावू नका, शेंगदाणे लावा. आणि भावंडांत घड्याळ लावून शर्यत नको, धाकटं तिथेच उठून जातं.

सहावी-सातवीच्या मुलांना ‘चोवीस’ द्या. दश्शीपर्यंतची चार पानं उलटायची आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार वापरून, प्रत्येक पान एकदाच घेऊन, 24 करायचे. तिर्री, अठ्ठी, दोन छक्क्या सोप्या: तीन आठे चोवीस, अधिक सहा, वजा सहा. चार एक्के आले तर जमतच नाही. ‘जमत नाही’ हेही उत्तर धरा. दोन तिर्र्या आणि दोन अठ्ठ्यांवर मात्र नवऱ्याने ऐरोलीपासून डोकं खाजवलं आणि ठाणे स्टेशन आलं तरी त्याला सुटलं नाही. आठला तीनने भागा, तो भागाकार तीनातून वजा करा, उरतो एक तृतीयांश. आता उरलेल्या आठला त्याने भागा.