पान पिवळं पडलं की खत ओतताय? या चुका टाळा

बोरिवलीत गच्चीवरच्या आमच्या छोट्या हरितगृहात तुळस, ब्राह्मी आणि पुदिना मातीशिवाय, टाकीतल्या खत विरघळवलेल्या पाण्यावर वाढतात. पहिल्याच मे महिन्यात तुळशीची कोवळी पानं पिवळी पडली. शिरा मात्र हिरव्यागार. मी खत वाढवलं. पिवळेपणा आणखी पसरला. टाकीत लोह भरपूर होतं, पण पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, ७.४ वर गेला होता, त्यामुळे मुळांना ते उचलताच येत नव्हतं. कारण होतं टँकर. पालिकेचं पाणी तलावांचं, हलकं. सोसायटीने मागवलेला टँकर बोअरचा, क्षारांनी जड. पीएच थोडा थोडा करत ६ पर्यंत उतरवला, तेव्हा नवी पानं हिरवी फुटली. जुनी पिवळीच राहिली. ती सुधारायची वाट बघू नका. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर मात्र बहुधा नत्र कमी पडतंय.

दुसरा घोळ पाण्यातले क्षार मोजायच्या मीटरचा. क्षार जितके जास्त तितकी पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, जास्त. मीटर त्यावरून पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग क्षार) काढतो. ईसी १.४ असताना एक मीटर ७०० पीपीएम दाखवतो, दुसरा ९८०, आणि दोघेही बरोबर असतात, कारण मोजपट्ट्याच वेगळ्या! ग्रुपवर कुणी ‘हजार ठेवा’ म्हणालं तर आधी विचारा, कोणत्या मीटरवर? त्यापेक्षा ईसीतच बोलावं. तुळशीला १ ते १.६ पुरते.

कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेटचं घट्ट द्रावण एकाच कॅनमध्ये कालवू नका. तळाला पांढरा गाळ बसतो, तो जिप्समचा. म्हणजे पैसे तळाला. दोन कॅन ठेवा.

उन्हाळ्यात रोपं क्षारांपेक्षा पाणी जास्त पितात आणि ईसी आपोआप चढतो. तेव्हा टाकी साध्या पाण्याने भरा. टाकीवर सावली हवीच: तिशीपार गेलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात आणि भर पाण्यात रोप माना टाकतं.

पावसाळ्यात कोवळ्या पानांच्या कडा करपतात. दमट हवेत पानांतून बाष्प कमी उडतं, म्हणून कॅल्शियम टोकापर्यंत चढत नाही. आणखी कॅल्शियम नको, पंखा लावा.

आणि नत्राचा हात आखडता ठेवा. माझी तुळस एकदा दृष्ट लागेल अशी फोफावली होती. आईने पान चुरगळून नाकाशी धरलं आणि म्हणाली, “अरे, हा तर पालक!”