स्टोरेज ड्रायव्हर लिहिताना आधी रुमाल टाका

लिनक्समध्ये स्टोरेज ड्रायव्हरने (डिस्क चालवणाऱ्या कोडने) डिस्कला दिलेली रिक्वेस्ट सहसा ३० सेकंदांत परतली नाही की टाइमआउट हँडलर, म्हणजे वेळ संपल्यावरचा कोड, धावतो. नेमका त्याच क्षणी डिस्कचा इंटरप्टही, म्हणजे ‘काम झालं’ हा सिग्नल, येऊ शकतो. दोघांनाही रिक्वेस्ट अपूर्ण दिसते, दोघेही ती पूर्ण करतात, आणि तोवर दुसऱ्याच कामाला दिलेल्या मेमरीची वाट लागते.

डोंबिवली लोकलमध्ये सीट रिकामी आहे का हे बघून मग सरकणारा ठाण्यापर्यंत उभाच. रुमाल टाकणारा बसतो. इथेही तेच. रिक्वेस्टची स्टेट (पूर्ण की अपूर्ण) आधी तपासायची आणि मग बदलायची, असं दोन पायऱ्यांत करू नका. अ‍ॅटॉमिक कंपेअर-एक्सचेंजने, म्हणजे तपासणं नि बदलणं मध्ये कुणाला शिरू न देता एकत्र करणाऱ्या सूचनेने, एका फटक्यात ताबा घ्या. जिंकला त्यानेच रिक्वेस्ट पूर्ण करायची, हरलेल्याने हातही लावायचा नाही.

टाइमआउटमध्ये शिरल्यावर कम्प्लिशन क्यू (डिस्क जिथे पूर्ण झालेल्या कामांची उत्तरं ठेवते ती रांग) एकदा वाचाच. कधी कधी उत्तर येऊन पडलेलं असतं, फक्त इंटरप्ट हरवलेला असतो.

ड्रायव्हर कर्नलमधून (लिनक्सच्या गाभ्यातून) काढताना नवीन रिक्वेस्ट थांबवा, टाइमआउटचा टायमर रद्द करून तो खरोखर संपेपर्यंत थांबा, मगच मेमरी सोडा. पण टायमरला हवा असलेला लॉक स्वतःच धरून त्याची वाट पाहिलीत, तर डेडलॉक, दोघेही एकमेकांसाठी कायमचे अडकले! माझी एक आख्खी शनिवार रात्र पवईच्या ऑफिसात यातच गेली.

आणि हो, जागोजागी प्रिंट टाकून शोधू नका. त्याने टायमिंग बदलतं नि बग दडी मारतो. लिनक्स ५.८ पासून केसीसॅन (KCSAN) हे कर्नलमधल्या अशा शर्यती पकडणारं साधन आहे, ते चालू करा. टेस्ट मशीनवर स्कझी (SCSI, डिस्क जोडण्याची एक पद्धत) डिस्कचा टाइमआउट मुद्दाम १ सेकंदावर आणा आणि भरपूर लोड द्या.